राउटर बिघडला की त्याचा वीजपुरवठा?

देशातील ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरच्या जाळ्याने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजुरी दिली. आज ती 'भारतनेट' या नावाने परिचित आहे. दाखले, नोंदी, देयके अशी बरीच कामे आता या जोडणीवर अवलंबून आहेत. ती खंडित झाली, म्हणजे मजुरी बुडवून दाखल्यासाठी आलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. अशा वेळी 'नेटवर्क नाही' एवढीच तक्रार नोंदविली जाते. तालुक्याहून तंत्रज्ञ येतो, आणि टेबलाखालचा प्लग सैल झालेला आढळतो!

तक्रार करण्यापूर्वी उपकरणावरील दिवे पाहावेत. एकही दिवा लागत नसेल, तर प्रथम विजेचा संशय घ्यावा. वीजदर्शक दिवा स्थिर असून फायबरच्या खुणेचा दिवा तांबडा असेल, तर दोष बहुधा बाहेरच्या तारेत असतो. सर्व दिवे विझून पुन्हा लागतात, हा प्रकार वारंवार घडतो, तो मात्र फसवा. राउटर खराब झाला असे समजून तो बदलला जातो, आणि दोष पुष्कळदा अडॅप्टरमध्येच राहून जातो.

असे का होते? भिंतीतील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे रूपांतर अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टच्या एकदिश विजेत करतो. या विजेतील चढउतार सपाट करण्याचे काम त्यातील कपॅसिटर करतो. त्याच्या आत द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो. तपमान दहा अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. पत्र्याच्या छपराखाली, फायलींच्या गठ्ठ्यामागे दडपलेल्या अडॅप्टरचे वैशाखात काय होत असेल, याची कल्पना यावरून यावी. असा थकलेला अडॅप्टर सुटा तपासला, तर मल्टिमीटर बारा व्होल्ट दाखवितो. पण राउटर कामाला लागून अधिक विद्युतप्रवाह मागू लागला की व्होल्ट घसरतात आणि राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून केवळ मोजमापावर विसंबू नये. चांगला ठाऊक असलेला दुसरा अडॅप्टर लावून पाहणे, हीच खरी परीक्षा होय.

मात्र टोक बसते म्हणून हाती लागेल तो अडॅप्टर लावणे धोक्याचे. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, धन-ऋण टोकांची खूण तीच हवी. अँपिअर तेवढेच किंवा अधिक चालतात. एक अँपिअरच्या जागी दोन अँपिअरचा अडॅप्टर निर्धोक आहे, उलट केल्यास तो तापतो. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर तर बारा व्होल्टचा राउटर जाळून टाकू शकतो.

यूपीएसची गोष्ट निराळी. वीज जाताच राउटरही बंद पडत असेल, तर यूपीएसच्या बॅटरीकडे पाहावे. बारा व्होल्टची पूर्ण भारित शिसे-आम्ल बॅटरी काही तास विसावल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. भार देताच ती झपाट्याने १०.५ च्या खाली येत असेल, तर ती निकामी झाली असे समजावे. कित्येक कार्यालयांत लेझर प्रिंटरही त्याच लहान यूपीएसला जोडलेला असतो. छपाईपूर्वी तापताना प्रिंटर बराच विद्युतप्रवाह ओढतो, यूपीएसवर ताण येतो, आणि नेमका दाखला छापतानाच राउटर बंद पडतो. प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटला जोडला की ही तक्रार थांबते.

अडॅप्टर उघडण्याचा मोह मात्र कोणीही धरू नये. त्यातील मोठ्या कपॅसिटरवर चालू अवस्थेत सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो, आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो. एक जादा अडॅप्टर कपाटात ठेवावा, तो लावला त्या दिवसाची तारीख त्याच्यावर चिकटवावी. जुना अडॅप्टर व निकामी बॅटरी कचराकुंडीत न टाकता अधिकृत संकलकाकडे द्यावी. ई-कचरा आणि बॅटरी या दोहोंसाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत.