दुष्फेन पाणी आणि घरातली यंत्रे : पुस्तकातला पाठ, न्हाणीघरातला पुरावा



‘दुष्फेन पाणी’ हा शब्द मुलं पाठ करतात, रिकाम्या जागी भरतात आणि परीक्षेनंतर विसरून जातात. खरं तर या पाठाचं सगळं साहित्य घरातच असतं. बादलीच्या काठावरचे पांढरे डाग, शॉवरची बुजलेली भोकं आणि पुन्हापुन्हा जळणारी गीझरची कॉइल. त्यातूनच हा पाठ कसा शिकवता येईल ते पाहू या. घरखर्चाशीही त्याचा थेट संबंध आहे.

पाणी दुष्फेन का होतं?

पावसाचं पाणी जमिनीत मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी खडकातलं कॅल्शिअम व मॅग्नेशिअम विरघळवत खाली जातं. जमिनीखाली जितका जास्त मुक्काम, तितके जास्त क्षार. म्हणून भातसा, वैतरणा अशा धरणांचं पाणी पिणाऱ्या मुंबईकरांना ही अडचण फारशी जाणवत नाही. बोअरवर अवलंबून असलेल्या गावांत मात्र ती घरोघरी दिसते. शहरातल्या सोसायटीतही उन्हाळ्यात बोअरचा टँकर आला, की त्याच नळाचं पाणी बदलतं.

थर नेमका कुठे बसतो?

मुलांना विचारा, “माठात फारसा थर बसत नाही, मग पाणी तापवायच्या पातेल्यात का बसतो?” उत्तर उष्णतेत आहे. पाण्यात विरघळलेलं कॅल्शिअम बायकार्बोनेट तापवल्यावर फुटतं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारं कॅल्शिअम कार्बोनेट खाली राहतं. तोच पांढरा, दगडासारखा थर. म्हणजे जिथे पाणी तापतं, तिथे धोका सर्वांत जास्त. गीझर, इलेक्ट्रिक किटली, वाफेची इस्त्री आणि गरम पाण्यावर चालणारं वॉशिंग मशीन, ही यंत्रं आधी बिघडतात ती यामुळेच.

एक गोष्ट नीट समजून घ्या. थरामुळे गीझरचं वीजबिल खूप वाढतं असं सर्रास सांगितलं जातं. पण कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे तिची उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाते. खरं नुकसान कॉइलचं होतं. थराचं पांघरूण घेतलेली कॉइल आतल्या आत प्रमाणाबाहेर तापते आणि शेवटी जळते. गॅसवरच्या पातेल्याचं उलट आहे. तिथे थरामुळे आच पाण्यापर्यंत कमी पोहोचते, उरलेली बाजूने निघून जाते आणि गॅस जास्त जळतो.

गणिताच्या तासाला

समजा, पाण्याचा कठीणपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे आणि गीझरमधून रोज ३० लिटर पाणी जातं. म्हणजे रोज १२ ग्रॅम आणि ३० दिवसांत ३६० ग्रॅम क्षार गीझरमधून गेले. बहुतेक वाहून जातात. पण विसावा भाग जरी आत राहिला असं धरलं, तरी महिन्याला १८ ग्रॅम आणि वर्षाला २१६ ग्रॅम! मुलांना वाटाण्याच्या शेंगा तोलून २१६ ग्रॅम म्हणजे किती ते दाखवा.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल, तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे पिण्यासाठी मान्य असलेलं पाणीही गीझरला मानवेलच असं नाही.

कृती : तीन बाटल्या

१. तीन सारख्या पारदर्शक बाटल्यांत नळाचं, बोअरचं आणि साठवलेलं पावसाचं पाणी (नसल्यास आरओचं) समान घ्या.
२. प्रत्येकीत साध्या अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाका. शाम्पू किंवा धुण्याची पावडर नको, त्यांचा फेस कठीण पाण्यातही होतो.
३. वीस वेळा हलवा. फेस कुठे, आणि वर तरंगणारा पांढरट साका कुठे, ते लिहून घ्या.
४. कमी फेसाचं पाणी घेऊन मोठ्यांनी दहा मिनिटं उकळावं. थंड झाल्यावर फडक्यातून गाळून पुन्हा तपासा.

उकळल्यावर फेस वाढला तर कठीणपणा तात्पुरता आहे. गीझरमध्ये थर देणारा मुख्यतः हाच. फरक पडला नाही तर तो कायमचा, म्हणजे सल्फेट-क्लोराइडचा.

पालकांसाठी

- घरी कोणी टीडीएस मीटर दाखवून मशीन विकायला आलं, तर घाई करू नका. मीटर पाण्यात विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतो. साध्या मिठानेही आकडा वाढतो, पण मिठाने पाणी कठीण होत नाही. आधी फेस बघा, मग कठीणपणाची तपासणी करून घ्या.
- तुरटीने गढूळपणा खाली बसतो, कठीणपणा जात नाही.
- गीझर कायम सर्वांत वरच्या खुणेवर ठेवू नका. जास्त तापमान म्हणजे जास्त थर. वर्षातून एकदा जाणकाराकडून आतून साफ करून घ्या.
- किटलीत अर्धा लिटर पाणी आणि एक चमचा लिंबूसत्त्व घालून गरम करा, अर्धा तास ठेवा आणि स्वच्छ धुवा. येणारे बुडबुडे मुलांना दाखवा. तो कार्बन डायऑक्साइडच आहे.
- संडास साफ करायचं ॲसिड गीझर-किटलीला कधीच वापरू नका. त्याने धातू खातो. ते ब्लीचिंगमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

या आठवड्यात मुलांना एवढाच गृहपाठ द्या : घरात पांढरा थर कुठे कुठे आहे त्याची यादी करा आणि प्रत्येक जागेपुढे लिहा, ‘इथे पाणी तापतं की नुसतं वाळतं?’ पाणी वाळलं तरी क्षार मागे राहतात, हे त्यांचं त्यांनाच सापडेल. तुमच्या वर्गात काय उत्तरं आली, ती जरूर कळवा.