जुन्या संगणकाचे पुनरुज्जीवन : आधी निदान, मग खर्च

संगणक मंद झाला म्हणजे तो निकामी झाला, असा समज आपल्याकडे चांगलाच दृढ आहे. सुट्टीत वसतिगृहाला भेट देणारे माजी विद्यार्थी आणि मुलांसाठी वापरलेला लॅपटॉप घेऊ पाहणारे पालक आम्हांस वारंवार विचारतात, “जुन्या यंत्रावर पैसे घालावेत, की ते भंगारात देऊन नवे घ्यावे?” या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही. ते कसे शोधावे, एवढे मात्र सांगता येते, आणि ते आम्ही आमच्याच संगणक कक्षात, काही अंशी ठेचा खाऊन, शिकलो आहोत.

कक्षात एकूण १४ यंत्रे होती. एका कार्यालयाने नवी यंत्रे घेतल्यावर आपली जुनी यंत्रे शाळेस दिली, ती ही. साधारण २०१४ सालची, चौथ्या पिढीचा कोअर आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. संगणकाचा तास ३५ मिनिटांचा. यंत्र सुरू होण्यास तीन मिनिटांहून अधिक वेळ लागे, त्यानंतर ब्राउझर उघडण्यास आणखी दीड मिनिट. एका यंत्रापुढे तिघे-चौघे विद्यार्थी बसत. ज्याची पाळी शेवटी येई त्याच्या हाती कळफलक येईपर्यंत घंटा होत असे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत तर अर्धा अर्ज भरून होताच पान गोठे आणि मुलाला पुन्हा नावापासून सुरुवात करावी लागे. अखेर सर्व यंत्रे विकून, माजी विद्यार्थ्यांनी जमविलेल्या निधीतून चार नवे संगणक घ्यावेत, असा प्रस्ताव व्यवस्थापन समितीपुढे आला. चार यंत्रांवर वर्गाचे भागणार कसे, हा विचार आम्हांस अस्वस्थ करीत होता. आम्ही एक महिन्याची मुदत मागून घेतली.

प्रथम संगणकाच्या आत काय चालते ते पाहू. आपल्या भोजनालयाचे उदाहरण घ्यावे. प्रोसेसर हा आचारी, रॅम हा त्याच्यापुढचा ओटा आणि हार्ड डिस्क हे अंगणापलीकडचे कोठीघर. आचारी कितीही तरबेज असला तरी प्रत्येक चिमूटभर मिठासाठी कोठीघरात माणूस धाडावा लागत असेल, तर त्याचा बहुतेक वेळ वाट पाहण्यातच जाणार. ओटा अपुरा असेल तर अर्धी चिरलेली भाजी पुन्हा कोठीघरात नेऊन ठेवावी लागते आणि थोड्या वेळाने परत आणावी लागते. रॅम भरली की संगणक नेमके हेच करतो : तात्पुरती नको असलेली माहिती डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. अशा स्वयंपाकघरात दुसरा, अधिक पगाराचा आचारी नेमून काय साधणार?

हाच विचार जीन अमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली गणिताच्या भाषेत मांडला. कामाचा जो भाग आपण वेगवान करतो, त्याचा एकूण वेळेत जेवढा वाटा असेल तेवढाच लाभ पदरात पडतो. समजा, यंत्र सुरू होण्यास २०० सेकंद लागतात. त्यांपैकी १७० सेकंद डिस्कची वाट पाहण्यात आणि ३० सेकंद प्रोसेसरच्या कामात जातात. दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसविला तर ३० चे १५ होतील आणि एकूण वेळ १८५ सेकंद राहील. इतका खर्च करूनही फरक जाणवणार नाही. प्रोसेसर तोच ठेवून डिस्क दहापट वेगवान केली, तर १७० चे १७ होतील आणि एकूण वेळ ४७ सेकंदांवर येईल.

आपल्या यंत्रात अडचण नेमकी कोठे आहे हे पाहण्यास तज्ज्ञ लागत नाही. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. मग नेहमीचे काम करावे आणि यंत्र अडखळेल त्या क्षणी आलेखांकडे पाहावे. आम्ही तीन दिवस प्रत्येक यंत्राची अशी नोंद वहीत केली. जवळजवळ सर्वत्र चित्र एकच : प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर निवांत, मेमरी नव्वदच्या पुढे आणि डिस्क शंभर टक्क्यांवर टेकलेली.

डिस्क इतकी मागे का पडते? हार्ड डिस्कमध्ये खरोखरच चकत्या फिरतात. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद, आणि ते टोक योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या जागांवरची माहिती वेचायची असेल तर सेकंदाला जेमतेम पाऊणशे ते शंभर ठिकाणी जाणे होते. संगणक सुरू होताना हजारो लहान फाइली अशाच विखुरलेल्या जागांवरून आणाव्या लागतात. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. माहिती फ्लॅश मेमरीच्या चिपांत असते आणि कोणत्याही जागी पोहोचण्यास मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. जाहिरातीत सेकंदाला ५५० मेगाबाइट असा वेग ठळक छापतात. तो खोटा नसतो. परंतु जुन्या यंत्राला नवे बळ येते ते त्या आकड्यामुळे नव्हे, तर ही विखुरलेली वेचणी झटपट होऊ लागल्यामुळे. म्हणूनच जुन्या मदरबोर्डावरील साटा जोडणी अर्ध्या वेगाची असली तरी एसएसडी बसविण्याचा लाभ फारसा कमी होत नाही.

खरेदीपूर्वी एक खातरजमा अवश्य करावी. एसएसडी एकाच घडणीची नसते. जुन्या डेस्कटॉपला आणि बहुतेक जुन्या लॅपटॉपना अडीच इंची साटा एसएसडी लागते. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम-डॉट-टू एसएसडी तशी खाच असलेल्या मदरबोर्डावरच बसते. त्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असून दिसायला ते जुळ्या भावंडांसारखे असतात. आमच्याही हाती प्रथम एक चुकीची पट्टी आली होती. दुकानदाराने ती बदलून दिली, पण जाण्यायेण्यात एक दिवस मोडला.

रॅमच्या बाबतीतही तसेच. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांच्या पट्ट्यांतील खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि बळाने बसवू नये. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डालाच डाख देऊन जोडलेली असते, ती वाढविता येत नाही. वापरलेला लॅपटॉप घेताना पालकांनी हे आधी विचारावे. ३२ बिटांची विंडोज असलेल्या घरगुती संगणकास ४ जीबीपेक्षा अधिक रॅम वापरताच येत नाही, हेही ध्यानी असावे. ब्राउझर, मराठी टंकलेखन आणि शाळेचा अभ्यास यांसाठी ८ जीबी आज पुरेशी ठरते. आमच्या १४ यंत्रांपैकी तीन यंत्रांचे मदरबोर्ड मृत झाले होते. त्यांतील रॅमच्या तीन पट्ट्या काढून आम्ही अन्य तीन यंत्रांत बसविल्या आणि उरलेल्या आठ यंत्रांपुरत्याच पट्ट्या विकत घेतल्या.

कॅबिनेट उघडल्यावर जे दिसले त्याचे वर्णन न केलेले बरे. उन्हाळ्यातील धुळीने प्रोसेसरवरील पंख्याचे पाते आणि पाते बुजले होते. तापमान मर्यादेपलीकडे गेले की प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. अशा यंत्राचा मंदपणा निव्वळ कुंचल्याने दूर होतो. विजेची तार भिंतीतून काढावी, नंतर सुरू करण्याची कळ एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावून अंगावरील स्थिर विद्युत उतरवावी आणि मगच आतील भागांस स्पर्श करावा. पंखा बोटाने धरून ठेवून धूळ काढावी. वाळलेली थर्मल पेस्ट पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावली की झाले. पॉवर सप्लायचा पेटारा मात्र कधीही उघडू नये. तार काढल्यावरही त्यात घातक विद्युतभार टिकून असतो.

एक क्षुल्लक वाटणारी वस्तू येथे नोंदवितो. मदरबोर्डावर नाण्यासारखा तीन व्होल्टचा सेल असतो, सीआर-२०३२ नावाचा. तो संपला की वीज जाताच यंत्राची तारीख मागे सरकते, आणि तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडण्यास ब्राउझर नकार देतो. आमची दोन यंत्रे ‘इंटरनेट चालत नाही’ म्हणून वर्षभर बंद पडून होती; सेल बदलताच ती चालू लागली.

प्रोसेसर आम्ही बदलला नाही, ग्राफिक्स कार्डही घेतले नाही. चित्रफितींचे संपादन किंवा त्रिमितीय आरेखन शिकवायचे असते तर निर्णय निराळा झाला असता. या यंत्रांची खरी मर्यादा दुसरीकडे आहे. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि चौथ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नाहीत. म्हणून नऊ यंत्रांवर आम्ही लिनक्स घातले. अर्ज भरणे, इनस्क्रिप्टने मराठी लिहिणे आणि प्रोग्रॅमिंग शिकणे त्यावर विनासायास होते. जुन्या टंकांतील अक्षरजुळणीसाठी दोन यंत्रांवर विंडोज ठेवले आहे, पण त्यांस इंटरनेट जोडलेले नाही. प्रस्तुत स्मरणिकेची पाने त्याच दोन यंत्रांवर जुळविली गेली.

आज ११ यंत्रे चालू आहेत. सुरू होण्यास पाऊण मिनिटाहून कमी वेळ लागतो, आणि चार नव्या संगणकांसाठी धरलेल्या रकमेचा मोठा भाग शिल्लक राहिला.

आमच्या हातून घडलेली चूकही सांगितली पाहिजे. कार्यालयातील यंत्राची माहिती जुन्या डिस्कवरून एसएसडीवर उतरवून घेताना आम्ही मूळ कोणते आणि प्रत कोणती याची निवड उलट केली. कोऱ्या एसएसडीची नक्कल भरलेल्या डिस्कवर लिहिली गेली. शाळेची कागदपत्रे अन्यत्र होती, ती वाचली. परंतु तीन वर्षांच्या स्नेहसंमेलनांची छायाचित्रे केवळ त्याच डिस्कवर होती. ती गेली. स्वतंत्र प्रत काढून, ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्यावाचून कोणत्याही डिस्कला हात लावायचा नाही, हा नियम आम्ही त्यानंतर केला. उरलेली यंत्रे करताना जुनी डिस्क प्रथम सोडवून बाजूस ठेवली आणि एसएसडीवर सारे नव्याने घातले. त्या सर्व डिस्का नावनिशीसह कपाटात जपून ठेवल्या आहेत.

या स्मरणिकेच्या छायाचित्र विभागात तीन वर्षांची जागा रिकामी दिसेल, ती याच कारणाने. ज्या माजी विद्यार्थ्यांपाशी किंवा पालकांपाशी त्या संमेलनांची छायाचित्रे असतील, त्यांनी ती कार्यालयात आणून द्यावीत, ही विनंती. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठविल्यास त्याचा आकार आणि स्पष्टपणा घटतो. म्हणून मूळ फाइल पेनड्राइव्हवर द्यावी. आम्ही ती आपल्यासमोरच उतरवून घेऊन पेनड्राइव्ह लगेच परत करू.