घाबरण्याआधीचा श्वास

माझ्यावर अश्रद्धेचा ठपका ठेवणाऱ्या त्या सद्गृहस्थांची गाठ आता पडत नाही, म्हणून त्यांच्यापुढे मांडावयाची कैफियत येथे मांडतो. तालुक्यातील एका शिबिरात त्यांनी भीतीच्या झटक्यावर दीर्घ श्वसन, कुंभक, इंद्रियांकडे लक्ष वळविणे असे नानाविध उपाय कथन केले, छापील कागद हाती ठेविला आणि ‘झटका आला की हे करा’ असे बजावून आमची रवानगी केली; हे आधी रोज करीत जा, एवढे एकच वाक्य त्यांनी आपल्यापाशी राखून ठेविले.

डिचोलीहून लाटंबार्शास येणाऱ्या भरगच्च बसमध्ये छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या आणि आपण येथेच, परक्यांच्या पायांशी, मरणार अशी खात्री पटली, तेव्हा तो कागद खिशातच होता. परंतु ज्या बुद्धीने तो वाचावयाचा तीच ठिकाणावर नव्हती. मोठमोठे श्वास ओढले, तो मुंग्या अधिकच वाढल्या. पुढे हे त्यांना सांगितले असता, हातातील चहाचा पेलाही खाली न ठेविता ते उद्गारले, ‘तुमची श्रद्धा कमी पडली हो!’ तक्रार घेऊन गेलेल्यालाच आरोपी ठरविण्याची ही तऱ्हा मला त्या झटक्याहूनही जिव्हारी लागली.

उलगडा झाला तो बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत. भीतीने जलद व खोल श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटतो, त्यानेच बोटे बधिरतात, घेरी येते आणि भीती आणखी चढते. म्हणून श्वास मोठा नव्हे, संथ हवा, आणि तो शांत वेळी अंगवळणी पडलेला हवा, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले. मिरगापूर्वी आपण छपराचे नळे परततो, घरात पाणी आल्यावर शिडी शोधीत नाही. पतंजलीनेही अभ्यासाला दीर्घकाळ व अखंडता यांची अट घातली आहे; त्याचे नाव घेऊन शिबिर भरविणाऱ्याने नेमकी तीच विसरावी!

तेव्हा प्रथम हृदय व थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. छातीत नव्याने कळ आल्यास श्वास मोजीत न बसता 108 क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. उपाय एकच धरावा. पोटावर हात ठेवून नाकाने 4 अंक मोजीत श्वास घ्यावा, 6 मोजीत सोडावा, रोखू मात्र नये. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे. बसून जमले की उभ्याने, मग बाजारात, मग बसथांब्यावर करावे. झटक्याचा जोर बहुधा दहा मिनिटांत शिगेस पोहोचून ओसरतो. दर वेळी मध्येच उतरून पळाल्यास पुढे बसचीच धास्ती बसते. घरच्यांनी ‘घाबरू नको’ म्हणण्यापेक्षा शेजारी बसून अंक मोजावेत. चहा-कॉफी बेताची असावी, झोप पुरेशी घ्यावी. बोलावेसे वाटल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक विनाशुल्क आहे.

आणि कोणी श्रद्धेचा दाखला मागू लागला, तर ‘आपण स्वतः हे रोज किती वेळ करता?’ असे त्याला बेधडक विचारावे. त्या सद्गृहस्थांना एवढा एक प्रश्न विचारावयाचा माझा अजून बाकी आहे.