पार्सलमागे 14 रुपये, जोखीम कोणाची?

प्रश्न : मी पिंपरीला राहतो आणि चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामगार आहे. पगार 26,000 रुपये. पहिली पाळी असली की दुपारी सुटतो. घराजवळच्या डिलिव्हरी हबवर संध्याकाळी पार्सल वाटायचं काम मिळतंय. एका पार्सलला 14 रुपये, रोज साधारण 30 पार्सलं. स्कूटर वडिलांच्या नावावर आहे, तिचा विमा चालू आहे, लायसन्स माझं आहे. हबवाले म्हणतात, आधार, पॅन, लायसन्स, आरसी आणि पासबुक घेऊन या, उद्यापासून सुरू करा. कायद्याने आणखी काही लागतं का? आणि एवढ्याशा कमाईवर कर भरावा लागेल का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : हबवाल्यांनी मागितलेली कागदपत्रं त्यांना लागणारी आहेत. तुम्हाला लागणारा कागद त्यांनी मागितलेला नाही आणि तो मागण्याचं त्यांना कारणही नाही. तो कागद म्हणजे स्कूटरची विमा पॉलिसी, आणि तिच्यातही ‘वापरावरील मर्यादा’ या मथळ्याखालचा बारीक टायपातला मजकूर. हे काम करू नका असं मी म्हणणार नाही. पण 14 रुपयांत तुमचा वेळ जातो, पेट्रोल जातं आणि रस्त्यावर काही घडलं तर त्याची जबाबदारीही तुमच्याच माथी येते. पहिल्या दोन गोष्टींचा हिशेब सगळेच करतात. तिसरीचा कोणी करत नाही, आणि हे काम परवडतं की नाही हे तिच्यावरच ठरतं.

आधी सोपा हिशेब उरकू. 30 पार्सलांचे 420 रुपये झाले. हबपर्यंत जाऊन-येऊन आणि गल्लीबोळांत फिरून 40 किलोमीटर होतात आणि थांबत-थांबत चालवताना स्कूटर लिटरला 40 देते असं धरलं, तर एक लिटर पेट्रोल, म्हणजे 105 रुपयांच्या आसपास गेले. टायर, ब्रेक, ऑइल, बेल्ट आणि गाडीची उतरणारी किंमत यांसाठी किलोमीटरला एक रुपया, म्हणजे 40 रुपये बाजूला काढा. हातात 275 उरले. हबवर पार्सलं मोजून, लावून घ्यायला लागणारा वेळ धरून साडेचार तास गेले, तर तासाला 61 रुपये पडतात. त्यात पाच गिऱ्हाइकं घरी सापडली नाहीत आणि परत आणलेल्या पार्सलचे पैसे मिळत नसतील, तर आकडा 46 वर येतो. म्हणून हबवर पहिला प्रश्न हाच विचारा की न पोचलेल्या पार्सलचं काय. जाहिरातीतला दर हा नेहमी खर्च वजा होण्यापूर्वीचा असतो. ॲमेझॉनने 2019 मध्ये फ्लेक्स ही फावल्या वेळातल्या वाटपाची योजना भारतात आणली तेव्हा तासाला 120 ते 140 रुपये सांगितले होते. त्यातही पेट्रोल आणि गाडी चालवणाऱ्याचीच होती.

आता याच्या शेजारी तुमचा पगार ठेवा. 26,000 भागिले 26 दिवस, भागिले आठ तास, म्हणजे तासाला 125 रुपये. कारखान्यातल्या कामगाराला ओव्हरटाइम नेहमीच्या वेतनाच्या दुपटीने द्यावा असा कायदा आहे. पूर्ण पगार त्या हिशेबात धरला जात असेल, तर तासाला 250 रुपये. म्हणजे कारखान्यातला एक जादा तास हबवरच्या चार तासांएवढा. ओव्हरटाइम मागूनही मिळत नसेल तर गोष्ट वेगळी. पण तो न मागता थेट हबकडे जाणं मला पटत नाही. मात्र बऱ्याच ठिकाणी जादा तास एकेरी दराने दिले जातात. तुमच्याकडे तसं असेल, तर हबपेक्षा आधी तो विषय युनियनमध्ये किंवा एचआरकडे काढा.

आता विमा. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये मालवाहू वाहनाची व्याख्या अशी आहे की मुळात मालासाठी बनवलेलं नसलेलं वाहनही माल वाहण्यासाठी वापरलं जातं तेव्हा त्या व्याख्येत येऊ शकतं. त्याच कायद्याच्या कलम 66 ने 3,000 किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू वाहनांना परमिटमधून सूट दिली आहे. ‘दुचाकीला काही लागत नाही हो’ असं जे सर्रास सांगितलं जातं, त्यात तथ्य आहे ते एवढंच. परमिट लागत नाही. पण त्यामुळे गाडीची खासगी म्हणून झालेली नोंदणी बदलत नाही आणि विम्याच्या अटी तर मुळीच बदलत नाहीत. खासगी दुचाकीच्या प्रमाणित पॉलिसीत लिहिलेलं असतं की गाडी भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापरलेली चालणार नाही, आणि नमुने किंवा स्वतःचं सामान सोडून इतर मालाची ने-आण चालणार नाही. लोकांच्या ऑर्डरींनी भरलेली पिशवी यातल्या कोणत्याच सवलतीत बसत नाही.

समजा, दुर्दैवाने तुमच्या स्कूटरच्या धडकेत 30 वर्षांचा, महिना 25,000 कमावणारा एखादा दुकानदार दगावला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या निकालांनी भरपाईचं गणित ठरवून दिलं आहे. वर्षाचं उत्पन्न 3 लाख; स्वतःचा धंदा असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसासाठी भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवून 4 लाख 20 हजार; मागे दोन-तीन माणसं अवलंबून असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा; राहिले 2 लाख 80 हजार; या वयाला गुणक 17. रक्कम होते 47 लाख 60 हजार, आणि अंत्यसंस्कार वगैरेंची रक्कम वेगळी. 14 रुपयांच्या दराने ही 3 लाख 40 हजार पार्सलं झाली. विमा लागू असेल तर हा भार विमा कंपनी उचलते. अटीचा भंग दिसला की कंपनी वाद घालते. मृताच्या कुटुंबाचे हाल होऊ नयेत म्हणून न्यायाधिकरणं अनेकदा कंपनीला आधी पैसे भरायला सांगतात आणि गाडीच्या मालकाकडून ते वसूल करण्याची मुभा देतात. तुमच्या बाबतीत मालक म्हणजे वडील. चूक तुमची आणि वसुली त्यांच्याकडून, त्यांच्या घरावर किंवा ठेवींवर, असा प्रसंग येऊ शकतो.

गाडी वडिलांच्या नावावर असल्याचा दुसरा तोटा याहून जवळचा आहे. पॉलिसीबरोबर येणारं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण नोंदणीकृत मालक स्वतः गाडी चालवत असेल तेव्हाचं असतं. मुलगा चालवत असताना ते लागू होत नाही. शिवाय दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा कायद्याच्या नजरेत मालकाच्याच जागी उभा असतो, त्यामुळे स्वतःच्या इजेसाठी त्या गाडीच्या विम्यावर त्रयस्थ म्हणून त्याला दावा करता येत नाही. म्हणजे आजच्या घडीला तुम्ही पडलात तर या पॉलिसीतून तुम्हाला काहीही मिळणार नाही.

यावर ठरलेले आक्षेप येतात. सगळेच पांढऱ्या पाटीच्या गाड्यांवर पार्सलं वाटतात, पोलीस कोणाला अडवत नाहीत, हा पहिला. खरं आहे. पण पोलिसांनी न अडवणं आणि विमा कंपनीने पैसे देणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. कंपनी पॉलिसी काढून बघते ती दावा आल्यावरच. डिलिव्हरी कंपनी आमचा विमा काढते, हा दुसरा. असा गटविमा अनेक ठिकाणी असतो आणि तो चांगलाच आहे, पण तो बहुधा तुमच्या अंगाला झालेल्या इजेचा असतो, तोही काम चालू असतानाचा. वर काढलेल्या 47 लाखांशी त्याचा काही संबंध नाही. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, तो म्हणजे न्यायालयं ग्राहकाच्या बाजूने असतात. 2008 च्या नितीन खंडेलवाल खटल्यात खासगी गाडी टॅक्सी म्हणून वापरताना पळवली गेली होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने दावा सपशेल फेटाळू दिला नाही, 75 टक्के रक्कम मान्य केली. 2010 च्या अमलेंदु साहू खटल्यातही तोच सूर होता. पण हे दोन्ही खटले स्वतःच्या गाडीच्या नुकसानाचे होते आणि ही मिळकतही सर्वोच्च न्यायालयापर्यंत पायऱ्या चढून झाली. 14 रुपयांच्या धंद्याला तेवढी ताकद नसते.

मार्ग आहेत. विमा कंपनीला, एजंटाला नव्हे, ईमेलवर विचारा की या स्कूटरवर मोबदल्याने पार्सल वाटप करायचं आहे, त्यासाठी पॉलिसीत काय बदल करावा लागेल आणि जादा हप्ता किती. उत्तर लेखी घ्या. काही कंपन्या नोंदणी व्यावसायिक करून आणा म्हणतील. तसं असेल तर आरटीओकडून पिवळी पाटी करून घेण्याचा खर्च आणि खटाटोप वरच्या हिशेबात मांडा. वर्षाला 6,000 रुपये जास्त गेले तरी महिन्याला 500 होतात. महिन्याला 20 संध्याकाळी काम केलंत तर 5,500 मधले 5,000 उरतात. मला हा सौदा वाईट वाटत नाही. दुसरा मार्ग म्हणजे व्यावसायिक नोंदणीची, हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली विजेची स्कूटर भाड्याने घेणं. भाडं जातं, पण पेट्रोल वाचतं आणि नोंदणी-विम्याची जबाबदारी गाडीवाल्याची होते. अर्थात त्याची पॉलिसी डोळ्यांनी बघूनच. ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या, नोंदणी नसलेल्या छोट्या ई-स्कूटरचा मोह अनेकांना होतो, कारण तिला लायसन्सही लागत नाही. तिला विम्याचीही सक्ती नाही, म्हणजे कोणाला धक्का लागला तर पहिल्या रुपयापासून भरपाई तुमचीच. आणि कोणताही मार्ग घ्या, स्वतःच्या नावावर वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढा. अर्जात डिलिव्हरीचं काम स्पष्ट लिहा.

कारखान्याच्या बाजूने एक अडचण येऊ शकते. तुमच्या नेमणूकपत्रात किंवा स्थायी आदेशांत दुसरं काम न करण्याची अट असेल, तर ती नोकरी चालू असेपर्यंत पाळावी लागते. कल्याणच्या सेंच्युरीच्या कारखान्यातून निघालेल्या निरंजन गोलिकरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच हे स्पष्ट केलं आहे. लेखी परवानगी मागा. 5,000 साठी 26,000 धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

डिलिव्हरीचं काम करणारा हबचा नोकर मानला जात नाही, म्हणून तिथून पीएफ, ईएसआय, भरपगारी रजा मिळत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांना पहिल्यांदा कायद्यात नाव दिलं. प्लॅटफॉर्म कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम, पण कामगारांना दिलेल्या पैशांच्या पाच टक्क्यांपर्यंतच, कल्याण निधीत भरायची अशी तरतूद तिच्यात आहे. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने एक कायम मालक नसलेल्या हमालांसाठी मंडळ आणि लेव्हीची व्यवस्था तेव्हाच केली होती. पण तुमचा हब मोठ्या कंपनीचा आहे की तिच्या पोटकंत्राटदाराचा, यावर तुमचं नाव कोणाच्या यादीत जाणार हे अवलंबून आहे. करार कोणाशी होतोय आणि बँकेत पैसे कोणाच्या खात्यातून येणार, हे विचारून ठेवा.

कराची भीती बाळगू नका, पण दुर्लक्षही नको. ही कमाई पगार नसून धंद्याचं उत्पन्न आहे. तुमचा वार्षिक पगार 3 लाख 12 हजार; त्यात हे साठ-सत्तर हजार मिळवले तरी नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर मिळणाऱ्या सवलतीमुळे कर शून्य येतो. विवरणपत्र मात्र बदलतं. फक्त पगार असताना भरता तो ‘सहज’ फॉर्म चालत नाही. अनुमानित उत्पन्नाची पद्धत घेतली तर ‘सुगम’ भरावा लागतो. बँकेतून आलेल्या जमेच्या किमान 6 टक्के नफा दाखवण्याची त्या पद्धतीत मुभा आहे, पण प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो दाखवावा. हबने टीडीएस कापला असेल तर तो परत मिळवायलाही विवरणपत्र लागतंच. एक बारकावा : धंद्याचं उत्पन्न असलेल्याने एकदा जुनी करप्रणाली निवडली की तिथून नवीत परतण्याची संधी एकदाच मिळते, नोकरदारासारखी दरवर्षी अदलाबदल चालत नाही. जीएसटीची नोंदणी 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही.

राहिली रोख रक्कम. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे तुमच्या खिशात असले तरी ते विश्वासाने सोपवलेले असतात. ते घरखर्चाला वापरून ‘उद्या भरतो’ म्हणणं हा भारतीय न्याय संहितेखाली फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. रोज रात्री भरणा करून पावती किंवा ॲपवरची नोंद जपून ठेवा. आणि नोंदणी फी, बॅग-टीशर्टचं डिपॉझिट किंवा ‘ट्रेनिंग चार्ज’ एखाद्या माणसाच्या खासगी यूपीआयवर मागितला गेला, तर करार आणि कंपनीची पावती हाती येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. पैसे पुढे काढले जाण्याआधी तक्रार पोचली तरच खातं गोठवून ते अडवता येतात.