कंपनी कुठली, ते नंतर विचारा

शनिवार पेठेतल्या माझ्या औषधाच्या दुकानात सकाळी वर्तक बागेत फिरून परतणारी मंडळी येतात, दुपारी अहिल्यादेवी शाळेतल्या मुलींच्या आया, संध्याकाळी ओंकारेश्वराला जाता-येता डोकावणारे. डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करताना बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "ताई, कंपनी चांगली आहे ना?" अलीकडे त्याला आणखी प्रश्न चिकटलेत. मोठ्या कंपन्या लुटतात म्हणे? जेनेरिक म्हणजे हलकं ना? ही गोळी जन्मभर घ्यायला लावतात ती धंद्यासाठीच ना? विचारणारी माणसं मला मनापासून आवडतात. पण गर्दीच्या वेळी धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

त्याआधी मेहुणपुऱ्यातल्या एका काकांचं सांगते. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह जुना. छातीत कफ साठून ताप आला म्हणून काही दिवस दवाखान्यात होते. घरी सोडताना नव्या औषधांची पिशवी मिळाली. त्यात साखरेची गोळी होती. घरच्या डब्यात आधीपासूनची साखरेची गोळी होतीच. नवी सुरू करताना जुनी बंद करा, हे काकूंना कुणी सांगितलं नाही आणि डिस्चार्ज कार्डावरही तसं लिहिलेलं नव्हतं. काकूंनी दोन्ही गोळ्या वेळच्या वेळी, अगदी काळजीने दिल्या. एका पहाटे त्यांनी माझं दार वाजवलं. काकांचा बनियन घामाने चिंब झाला होता, हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. यंत्रावर साखर ४६. गिळता येत होतं म्हणून साखरेचं पाणी पाजलं आणि १०८ ला फोन लावला.

रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्यांची पिशवी पलंगावर रिकामी केली. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या. एक निळी, एक हिरवी. ठळक रंगीत नावं एकमेकांशी संबंध नसलेली, कंपन्या दोन, दोन्ही नावाजलेल्या. पण साध्या काळ्या अक्षरातली ओळ दोन्हींवर तीच होती: ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम. काकांना रोज दुप्पट औषध जात होतं.

या औषधाने उतरलेली साखर एकदा वर येऊन पुन्हा खाली जाऊ शकते. साखरपाणी प्यायलं, बरं वाटलं, म्हणून घरीच थांबायचं नसतं. माणूस गुंगीत असेल तर तोंडात पाणी ओतायचंही नसतं, ते श्वासनलिकेत जातं. काका दवाखान्यात देखरेखीखाली राहिले आणि सुखरूप परत आले. त्यांच्या मुलीने अमेरिकेतून फोन करून पहिलं काय विचारलं असेल? "कुठल्या कंपनीचं औषध होतं? ती कंपनी बदला." दोन्ही कंपन्यांचा माल चोख होता. आत काय आहे, हे मात्र दवाखान्यापासून घरापर्यंत कुणी ताडून पाहिलं नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की कंपनीचं नाव दुसऱ्या क्रमांकावर विचारा. आधी औषधाचं मूळ नाव विचारा, आणि घरातल्या पट्ट्यांवर ते शोधा. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं, अंगदुखीच्या गोळीत असतं आणि तापाच्या गोळीत तर असतंच. तिन्ही एकाच दिवशी घेणारे लोक मी पाहते. परदेशातून येताना मुलं ज्या बाटल्या आणतात त्यांवर ॲसिटामिनोफेन लिहिलेलं असतं, तेही पॅरासिटामॉलच. प्रमाणाबाहेर गेलं तर यकृत निकामी करण्याची ताकद त्यात आहे.

एकाच औषधाला इतकी नावं का, याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन इथे बनू लागलं. मग १९७० चा पेटंट कायदा आला. औषधावर पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर, असं त्यात ठरलं. तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवायला आपल्या कंपन्या मोकळ्या झाल्या, आणि शेकडो कंपन्यांनी आपापल्या नावाने ते बाजारात आणलं. २००५ मध्ये औषधावरचं पेटंट परत आलं, पण जुन्या औषधांची ही गर्दी कायम आहे. तिचा फायदाही मोठा झाला. २००१ साली मुंबईच्या सिप्लाने एड्सची औषधं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा परदेशी कंपन्या त्यांचे दहा हजारांहून जास्त घेत होत्या. पण स्वस्ताईबरोबर नावांचा गोंधळही घराघरात आला. काकांच्या पिशवीत तोच होता.

कंपन्या लुटतात का? काही ठिकाणी हो, आणि ते बोललं पाहिजे. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं सोराफेनिब बायर ही कंपनी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकत होती. २०१२ च्या मार्चमध्ये मुंबईतल्या पेटंट नियंत्रकांनी नॅटको या भारतीय कंपनीला ते बनवायचा सक्तीचा परवाना दिला आणि किंमत ठरवून दिली महिन्याला नऊ हजार रुपयांच्या आत. त्यातून कळतं की पेटंटच्या आड किंमत कुठवर चढू शकते. पेटंट नसलेल्या औषधांचं गणित वेगळं. सरकारच्या अत्यावश्यक यादीत, म्हणजे २०२२ च्या यादीतल्या ३८४ औषधांत, तुमचं औषध असेल तर त्याला कमाल किंमत ठरलेली असते. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनी दर वर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. तुमच्या औषधाला मर्यादा आहे का, ते 'फार्मा सही दाम' या सरकारी ॲपवर नाव घालून बघता येतं. बघत जा. आम्हा दुकानदारांनाही त्याची सवय झाली पाहिजे.

आणि सवलतीच्या पाट्यांना भुलू नका. "८० टक्के सूट" असं लिहिलेल्या दुकानात छापील किंमतच मुळात फुगवलेली असू शकते. काही जेनेरिक पट्ट्या दुकानदाराला ज्या भावाने पडतात त्याच्या कितीतरी पट रक्कम वर छापलेली असते. म्हणून टक्के सोडा, एका गोळीला किती रुपये पडले ते विचारा आणि जनऔषधी केंद्रातल्या भावाशी ताडून बघा.

जेनेरिक हलकं असतं का, याचं माझं उत्तर असं: बहुतेक रोजच्या औषधांत नाही. पट्टी उलटी करून वाचा. विकणारी कंपनी एक आणि बनवणारी दुसरीच, असं मोठ्या नावांच्या बाबतीतही सर्रास असतं. शंका घ्यायची ती कारखान्यावर, आणि ती भारी किमतीनेही फिटत नाही. रॅनबॅक्सी केवढं मोठं नाव, पण भेसळयुक्त औषधं आणि खोट्या नोंदींच्या प्रकरणात २०१३ साली अमेरिकेतल्या न्यायालयात त्यांच्या उपकंपनीने गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरायचं ठरलं. मात्र थायरॉइडचं औषध, फिट्सचं औषध आणि रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, यांचा ब्रँड परस्पर बदलू नका. इथे मात्रेतला थोडा फरकही अंगाशी येतो. दुकानात तीच कंपनी नसेल तर आधी डॉक्टरांना फोन करा. थायरॉइडचा ब्रँड बदलावाच लागला तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्या. या तीन बाबतींत "कंपनी कुठली" हा प्रश्न अगदी रास्त आहे.

जन्मभराच्या गोळीबद्दल मला जरा कळकळीने सांगायचंय. कंपन्या डॉक्टरांवर प्रभाव टाकतात, हे खरं आहे. भेटवस्तू, परदेशवाऱ्या असले प्रकार थांबवायला मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारला नवी आचारसंहिता काढावी लागली. व्हायॉक्स हे सांधेदुखीचं गाजलेलं औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं. शंका घ्यायला जागा आहे. पण त्या शंकेपोटी बीपीची गोळी सोडणं म्हणजे स्वतःवर सूड घेणं. माझ्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने मोबाइलवर आलेला मजकूर वाचून बीपीची गोळी बंद केली. बरंही वाटत होतं, कारण वाढलेलं बीपी बहुधा जाणवतच नाही. पक्षाघाताचा झटका आला आणि आता त्यांचा उजवा हात वर होत नाही. ती गोळी होती ॲम्लोडिपिनची. पेटंट कधीच संपलेली, काही रुपयांना मिळणारी, कमाल किमतीच्या यादीत असलेली. तिच्यासाठी कट रचण्याइतका नफा कुणालाच नाही. गोळी नको वाटत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: कशासाठी देताय, कधीपर्यंत, आणि नाही घेतली तर काय होईल?

लशीचंही तसंच. २०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात दुर्मीळ गुठळ्यांबद्दल कबुली दिल्याची बातमी आली. त्यांचीच करोनावरची लस कोविशील्ड या नावाने आपल्या हडपसरच्या सिरममध्ये बनलेली आणि पेठेत घरोघरी घेतलेली. त्यामुळे दुसऱ्याच दिवसापासून लोक रक्ताच्या कुठल्या चाचण्या करू, हे विचारायला येऊ लागले. तो धोका युरोपच्या औषध नियामकांनी एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केला होता. तो होता डोस घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांपुरता. तीन वर्षांनी चाचण्यांवर पैसे घालवायचं कारण नव्हतं, आणि मी सगळ्यांना तेच सांगितलं.

खरी भीती बाळगायची ती खोकल्याच्या बाटलीची. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं होतं, १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीने औषध प्रशासनाची लक्तरं वेशीवर टांगली. जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, तेच विष छिंदवाड्याच्या लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधात निघालं. मुलांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं, त्यातली कितीतरी वाचली नाहीत. तेव्हा आयांनो, दोन वर्षांखालच्या बाळाला खोकला-सर्दीचं औषध देऊ नका आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नका, डॉक्टरांशिवाय तर नाहीच, हे सरकारनेच सांगितलंय. बहुतेक सर्दी-खोकला आपोआप बरा होतो. शेजारणीच्या मुलाला ज्याने गुण आला ती बाटली आपल्या मुलाला चालेलच, असं नसतं.

काही कामं खर्चाशिवाय होतात. पक्कं बिल घ्या. त्यावर बॅच नंबर असतो, आणि एखादी बॅच सदोष जाहीर झाली की तोच कामी येतो. पट्टी कापून घेतली तर तो नंबर आणि मुदतीची तारीख तुमच्या तुकड्यावर येईलच असं नाही, म्हणून माझ्यासारख्या दुकानदारालाही बिलावर लिहून द्यायला सांगा, संकोच करू नका. ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडांवर क्यूआर कोड छापलेला असतो, तो मोबाइलवर तपासा. औषधाने त्रास झाला तर आधी डॉक्टरांना सांगा आणि मग १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा. रुग्ण स्वतः कळवू शकतो, डॉक्टरांची सही लागत नाही. लोकांनी कळवलं नाही तर कुठल्या औषधाने काय होतं हे सरकारला समजणार तरी कसं?

आणि या आठवड्यातच एक करा. घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, चूर्णं, मुलांनी पाठवलेली व्हिटॅमिनं एका पिशवीत भरा आणि तुमच्या डॉक्टरांकडे न्या. वेळ नाही म्हणाले तर जवळच्या औषधवाल्याकडे दुपारच्या निवांत वेळी न्या, मीही बघून देईन. पिशवी टेबलावर रिकामी करा आणि विचारा, "यातली कुठली दोन औषधं एकच आहेत, आणि कुठलं आजपासून बंद करायचं?"