विंचू चढतो म्हणजे काय होते?

उन्हाळ्याचे दिवस डोळ्यांसमोर आणा. आमच्या राळेगाव तालुक्यात कापसाचा हंगाम संपलेला असतो आणि घरोघरी अंगणात सरपणासाठी पऱ्हाट्यांचे ढीग रचलेले असतात. संध्याकाळी चुलीसाठी काड्या ओढताना एकदम आरोळी उठते, "विंचू चावला!" शेजारीपाजारी जमतात. कोणी म्हणतो, "विंचू चढला." कोणी तो उतरवणाऱ्याला बोलवायला धावतो. चढणे आणि उतरणे हे शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण शरीरात नेमके काय चढते? आज याच प्रश्नाचा विचार करू.

प्रथम एक दुरुस्ती. विंचू तोंडाने चावत नाही. शेपटीच्या टोकाशी असलेल्या नांगीने तो दंश करतो. तेथील फुगीर भागात दोन विषग्रंथी असतात. विंचू हा कीटकही नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि तो कोळ्याचा नातेवाईक आहे. आपल्याकडील मोठ्या काळ्या विंचवाच्या दंशाने वेदना होतात, पण जिवाला धोका सहसा नसतो. खरा घातक आहे तो आकाराने लहान असा लाल विंचू.

दार बंदच होत नाही

आता थोडे पदार्थविज्ञान. मज्जातंतूच्या पेशीवरील पटलाच्या आतील व बाहेरील बाजूंमध्ये सुमारे 70 मिलिव्होल्ट विभवांतर असते. तुम्ही म्हणाल, एवढेसे? पण पटलाची जाडी आहे सुमारे 7 नॅनोमीटर. विभवांतराला जाडीने भागून पाहा. उत्तर येते दर मीटरला 1 कोटी व्होल्ट! कोरड्या हवेत दर मीटरला सुमारे 30 लाख व्होल्ट झाले की ठिणगी पडते. यावरून या पटलावर केवढा ताण असतो याची कल्पना येईल.

या पटलात सोडियमच्या आयनांसाठी सूक्ष्म दारे असतात. संदेश आला की दार उघडते, सोडियम आत शिरते आणि सुमारे एक सहस्रांश सेकंदात दार आपोआप बंद होते. मग पोटॅशियमची दारे उघडून पेशी पूर्वस्थितीत येते. विंचवाच्या विषातील लहान प्रथिने नेमकी येथेच घोटाळा करतात. काही प्रथिने सोडियमचे दार लवकर बंद होऊ देत नाहीत, तर काही पोटॅशियमचे दार अडवून धरतात. घंटेचे बटन दाबलेल्या स्थितीतच अडकले तर घंटा वाजतच राहील. तसाच मज्जातंतू पुन्हा पुन्हा संदेश पाठवत राहतो.

परिणाम काय होतो? आधी उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, लाळ सुटते. मग ॲड्रिनॅलिन व नॉरॲड्रिनॅलिन रक्तात मोठ्या प्रमाणात मिसळतात. रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय थंड पडतात, रक्तदाब चढतो, हृदय धावू लागते. "विंचू चढला" याचा शरीरशास्त्रीय अर्थ हा असा!

नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या पाच भागांऐवजी चार भाग उरली, तर त्याच दाबाखाली प्रवाह फक्त 41 टक्के राहतो. म्हणून वाहिन्या थोड्या जरी आकसल्या तरी हृदयावरचा भार फार वाढतो. अखेर हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साठते आणि रोगी दगावू शकतो.

महाडचे संशोधन

हे कोडे उलगडण्यात महाराष्ट्रातील एका ग्रामीण डॉक्टरांचा वाटा फार मोठा आहे. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 साली रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने मुले व शेतकरी दगावताना त्यांनी पाहिले. रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब आणि लक्षणांच्या नोंदी केल्या. 1982 साली 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला.

मग उपाय कोणता? वाहिन्या आकसल्या असतील तर त्या सैल केल्या पाहिजेत. प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध नेमके हेच करते. वाहिन्यांच्या भिंतीवर नॉरॲड्रिनॅलिन जेथे जोडले जाते ती जागा ते अडवते. याविषयीचा त्यांचा लेख 1986 साली 'लॅन्सेट'मध्येच आला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी 25 ते 30 टक्के किंवा त्याहूनही अधिक दगावत. प्राझोसिनमुळे हे प्रमाण 4 टक्क्यांच्याही खाली आले. 2022 साली डॉ. बावस्करांना पद्मश्री देण्यात आली.

उतरला, पण कशाने?

आता कोणी म्हणेल, "आमच्या गावात मंत्रानेही विंचू उतरतो." ते खोटे बोलत नाहीत, त्यांनी ते पाहिलेले असते. पण बहुतेक दंशांची वेदना काही तासांनी आपोआपच कमी होते. मंत्र म्हटला नसता तर काय झाले असते, हे कोणी पाहिलेलेच नसते. विज्ञान तुलना मागते.

मुंबईच्या हाफकिन संस्थेत विंचवाच्या विषावरील प्रतिविष तयार झाले, तेव्हाही हाच प्रश्न होता. महाडला 70 रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, कोणतीही निवड न करता, पाडण्यात आले. एका गटातील 35 जणांना फक्त प्राझोसिन दिले आणि दुसऱ्या गटातील 35 जणांना प्राझोसिनबरोबर प्रतिविषही दिले. पहिल्या गटातील 8 जण 10 तासांत पूर्ण बरे झाले, दुसऱ्यातील 32 जण. 2011 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रतिविषाचा उपयोग आहे, हे आता कोणाच्या शब्दावर नव्हे तर आकड्यांवर उभे आहे.

गंमत अशी की हेच विष संशोधनाचे हत्यारही झाले. आपल्या लाल विंचवाच्या विषातून मिळालेले आयबेरिओटॉक्सिन हे 37 अमिनो आम्लांचे प्रथिन एका विशिष्ट प्रकारचे पोटॅशियमचे दार बंद करते. त्या दाराचे कार्य समजून घेण्यासाठी जगभरातील प्रयोगशाळांत ते वापरले जाते.

हे लक्षात ठेवा

विंचू डसल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. दंशाची वेळ लक्षात ठेवावी आणि रोग्याला तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे. वेदना कमी आहे म्हणून धोका कमी, असे समजू नये. उलटी, घाम आणि थंड हातपाय ही धोक्याची घंटा आहे. मूल लहान असेल तर मुळीच वाट पाहू नये. औषध डॉक्टरांनीच द्यायचे असते.

जाता जाता एक प्रश्न. अंधारात अतिनील किरणांच्या विजेरीने पाहिल्यास विंचू हिरवट चमकतो; नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही. यावरून चमकणारा पदार्थ विंचवाच्या शरीरात कोठे असावा? विचार करा आणि तुमचे उत्तर वर्गात शिक्षकांपुढे मांडा.