टिनाच्या छपराची गळती व घरचे बियाणे

कारंजा तालुक्यातील धनज परिसरात पुढील हंगामासाठी राखलेले सोयाबीनचे बियाणे बहुधा राहत्या घरातच, टिनपत्र्यांच्या छपराखाली ठेवलेले असते. या बियाण्याचे टरफल पातळ असून अंकुर टरफलाच्या अगदी लगत असतो. त्यामुळे ओल त्यास सोसत नाही. रोहिणीच्या सरींत टपकलेले थोडे पाणीही पोतेभर बियाणे निकामी करू शकते. म्हणून छपराची दुरुस्ती वैशाखातच उरकणे इष्ट होय.

पत्रा गंजून फुटण्यापूर्वी तो आकड्यांच्या छिद्रांतून गळू लागतो. चाकीखालचे रबरी वायसर उन्हाने कडक होऊन तडकते. शिवाय 3 मीटर लांबीचा लोखंडी पत्रा 40 अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे दीड मिलिमीटर लांबतो व थंड होताच आखडतो. या रोजच्या ओढाताणीने छिद्र सैल होते. सिमेंटचा लेप तेथे टिकत नाही तो याचमुळे. पत्रा हलतो, सिमेंट हलत नाही. तरीही दरवर्षी अनेक छपरांवर सिमेंटचे गोळे चढतातच!

गळतीचे स्थान शोधताना फसगत होते. पाणी जेथे टपकते तेथेच छिद्र असते असे नाही. ते पत्र्याच्या खालच्या बाजूने उतारावर वाहत येऊन आडव्या लाकडापाशी गळते. याकरिता एकाने वरून तांब्याने पाणी ओतावे व दुसऱ्याने आत राहून कोळशाने खूण करावी. पाणी वळचणीकडून आढ्याकडे क्रमाने ओतीत जावे. आधी आढ्यावर ओतल्यास सर्वच ठिकाणे भिजतात व काहीच उमगत नाही. छपरावर चढण्यापूर्वी वीज बंद करावी आणि लाकडांच्या आधारावर टाकलेल्या फळीवरूनच चालावे.

जुने वायसर काढून छिद्राभोवतीचा गंज तारेच्या ब्रशाने घासावा. नवे रबरी वायसर खाली व लोखंडी वाटी वर ठेवून चाकी आवळावी. रबर किंचित दबले की थांबावे. अधिक आवळल्यास ते बाहेर फुगून फाटते. सायकलच्या ट्यूबचे कापलेले वायसर ही तात्पुरती सोयच समजावी. छिद्र पन्हळीच्या खोलगट भागात असेल तर ते डांबरी लुकणाने बुजवून आकडा उंचवट्यावर घ्यावा, कारण पाणी खोलगटातूनच वाहते.

मोठ्या छिद्रावर त्याच घडणीच्या पत्र्याचा तुकडा डांबरी लुकणावर बसवावा. तो चोहोबाजूंनी 8 सेंटिमीटर तरी मोठा असावा व शक्य तेथे त्याची वरची कड वरील पत्र्याखाली सरकवावी. परदेशांत सपाट छपरांवर रबराची अखंड चादर अंथरतात. तिचे ठिगळही पंक्चरप्रमाणेच जागा स्वच्छ व कोरडी करून, कोपरे गोल कापून लावतात. टोकदार कोपरा प्रथम उचलला जातो. ओल्या पत्र्यावर लावलेले डांबरही असेच पापुद्र्याने सुटते.

दुरुस्तीनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी ओतून पाहावे. ग्रामसेवकांनी मे महिन्याच्या गावफेरीत ही पाहणी आणि बियाण्याची उगवण तपासणी एकाच वेळी करून घ्यावी. 100 दाण्यांपैकी 70 हून कमी उगवल्यास पेरणीचे प्रमाण वाढविणे किंवा बियाणे बदलणे याचा निर्णय मृगापूर्वी घेता येतो.